सीपीयू १०० टक्के!

आज दिवसभर आमच्या सॉफ्टवेअर राउटरबद्दल वापरणाऱ्यांनी पाठवलेल्या तक्रारी आणि मागण्या वाचत बसलो होतो. सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार एकच: "ट्रॅफिक काहीच नाही, तरी सीपीयू १०० टक्के का?"

आता हा बिघाड नाहीच. डीपीडीके (आमचा राउटर ज्यावर चालतो ते, पॅकेटं म्हणजे डेटाचे तुकडे झटपट हाताळणारं सॉफ्टवेअर) नेटवर्क कार्डाच्या इंटरप्टची, म्हणजे 'पॅकेट आलं' या इशाऱ्याची, वाट बघत नाही. सीपीयूचा एक अख्खा कोअर अडवून 'पॅकेट आलं का, आलं का' असं विचारत राहतं. १० गिगाबिटच्या लाइनवर सगळी ६४ बाइटची पॅकेटं आली तर सेकंदाला जवळपास १ कोटी ४९ लाख होतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. तेवढ्यात इंटरप्टचे लाड कोण पुरवणार? पण स्क्रीनवर तो आकडा बघून माणूस घाबरणारच. खरा भार दाखवायला हवा, म्हणजे विचारण्याच्या एका फेरीत सरासरी किती पॅकेटं हाती लागतात ते. हे आम्हालाच आधी सुचायला हवं होतं.

दुसरी मागणी टीसीपीडंपची, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या साधनाची. डीपीडीकेने कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) वळसा घातला की टीसीपीडंपला काही दिसत नाही. रात्री २ वाजता लिंक पडलेल्या माणसाला मात्र हे तत्त्वज्ञान ऐकायचं नसतं. ही मागणी लगेच वर घेतली.

आणखी वेग किती जणांनी मागितला? एकानेही नाही! (आम्ही इथे कित्येक महिने नॅनोसेकंद वाचवतोय.) एकाने फक्त एवढंच लिहिलंय: कॉन्फिग चुकून राउटरशी संपर्क तुटला, तर जुनी आपोआप परत यावी. उद्या सकाळी आधी तेच काम.