तुम्ही विचारलंत म्हणून: तरुणांचं स्वनियमन कशाने मोजायचं?

‘अठरा ते पंचवीस वयोगटाचं स्वनियमन मोजायचंय, एकच सोपी चाचणी सांगा.’ हा प्रश्न वरचेवर येतो. स्वनियमन म्हणजे मोह आवरणं, ठरवलेलं तडीस नेणं. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा टँग्नी, बाउमायस्टर आणि बून या मानसशास्त्रज्ञांची 2004 सालची छोटी प्रश्नावली असते: 13 विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. जरूर वापरा. फक्त बेरजेची घाई करू नका.

त्यातली 9 विधानं उलटी आहेत, आळस किंवा उतावीळपणा कबूल करणारी. तिथलं उत्तर 6 मधून वजा करायचं: 5 चा 1, 4 चे 2. हे राहिलं, तर सर्वांत शिस्तीच्या मुलीला 65 ऐवजी 29 मिळतात आणि सर्वांत बेशिस्त मुलाला 13 ऐवजी 49. अख्खी क्रमवारी उलटते आणि एक्सेल हूं की चूं करत नाही! डोळे मिटून सगळीकडे 4 वर खूण करणाऱ्याचे 34 होतात, म्हणजे वरवर अगदी साधारण. म्हणून असे कागद आकड्यांवरून नव्हे, उत्तरं चाळून वेगळे काढा.

स्वतःविषयी कुणी खरं सांगेल का, या शंकेने काहीजण संगणकाकडे वळतात. थांबण्याच्या चाचणीत बाण दिसला की बटण दाबायचं. साधारण चारांतून एकदा बाणापाठोपाठ संकेत येतो, तेव्हा हात आवरायचा. जमलं तर पुढचा संकेत 50 मिलिसेकंद उशिरा, चुकलं तर तेवढाच लवकर. गोम अशी, की चलाख मुलं संकेताची वाट बघत मुद्दाम सावकाश दाबतात आणि हात आवरायला किती वेळ लागतो याचा हिशेब कोलमडतो. ‘थांबून राहू नका’ हे सूचनेत स्पष्ट लिहा, दर फेरीनंतर त्यांचा वेग त्यांना दाखवा. संकेताच्या खेपा किमान 50 हव्यात.

इतकं करूनही दोन्हींचे आकडे फारसे जुळत नाहीत. त्यात बिघाड काही नाही: क्षणार्धात बोट रोखणं वेगळं, महिनाभर रोज अभ्यासाला बसणं वेगळं. शिवाय संगणकावरच्या अशा चाचण्यांत बहुतेकांची कामगिरी जवळपास सारखीच येते. त्यामुळे गटाचा परिणाम ठळक दिसतो, पण कोण पुढे नि कोण मागे ते नीट कळत नाही. मुलामुलांतला फरक हवा असेल तर प्रश्नावली घ्या. एकाच मुलाचा दिवस कसा हलतो ते बघायचं असेल, तर आठवडाभर फोनवर दिवसातून चार-पाचदा दोनच प्रश्न विचारा: आत्ता कशाचा मोह झाला, आणि आवरला का?