डेपोभर गाड्या

अण्णांच्या रक्ताची स्लाइड मीच रंगवली. 2022 चा श्रावण. मशिननं पांढऱ्या पेशींचा आकडा दाखवला 84,000. निरोगी माणसाच्या चार ते अकरा हजार असतात. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून जांभळ्या झाकणाच्या बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. नाव अण्णांचंच होतं.

लिशमन नावाच्या रंगानं रंगवलेल्या काचेवर तेलाचा थेंब टाकला आणि शंभराची लेन्स लावली. जिकडं बघावं तिकडं त्याच लहान, गोल लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. मधेमधे बोटानं फरफटलेल्या बुक्क्यासारखे जांभळे डाग. काचेवर रक्ताचा पातळ थर ओढताना नाजूक पेशी फुटतात, त्यांचे ते डाग. एकवीस वर्षं स्लाइडी बघतेय, अर्थ तिथंच कळला. पुढं पेशींची ओळख पटवणाऱ्या फ्लो सायटोमेट्री तपासणीत नाव पक्कं झालं : क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, रक्ताचा एक कॅन्सर. सगळे त्याला सीएलएल म्हणतात.

अण्णांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. आकडा ऐकून म्हणाले, "मग चांगलंच की गं. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात ना? माझ्याकडं तर ढीगभर आहेत."

हे मी काउंटरवर कितीतरी नातेवाइकांकडून ऐकलंय. पण त्याच अण्णांना हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता आणि जूनमध्ये डाव्या बरगडीवर नागीण उठली होती. शेजारच्या काकूंनी काव लावली, तोंड-शेपूट जुळू देऊ नका म्हणाल्या. मीही वयाची असेल म्हणून सोडून दिलं. ते आजही सलतं. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसलेला असतो. टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, त्याला दाबून धरतात. त्यांची पकड सैल झाली की तो नागीण होऊन वर येतो. मला हे माहीत होतं, तरी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचं सुचलं नाही.

अण्णांच्या 84,000 मधल्या बहुतेक बी लिम्फोसाइट एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ. वेळ झाली की मरायचं, हे त्या विसरल्यात, म्हणून साठत जातात. बी पेशींचं खरं काम अँटिबॉडीच्या कारखान्याला माणसं पुरवणं. या पेशी ते करत नाहीत, आणि चांगल्यांनाही धड करू देत नाहीत. अण्णांचं आयजीजी, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीचं प्रमाण, 380 आलं, आमच्या लॅबची खालची मर्यादा 700. टी पेशी मोजायला गेलं तर भरपूर असतात, पण थकलेल्या. कॅन्सरच्या पेशीला भिडून तिला मारायचं बळ त्यांच्यात उरत नाही. लस घेतली तरी शरीर तिला अर्धामुर्धाच प्रतिसाद देतं, आणि जिवंत विषाणूची लस तर द्यायचीच नाही.

हे सगळं मी अण्णांना कागदावर गोल काढून समजावलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे डेपोत गाड्या खच्चून उभ्या. भंगारात काढायच्या त्यासुद्धा तिथंच. आणि लाइनीवर सोडायला एक नाही."

इतकं नेमकं मला एकवीस वर्षांत कुणाला सांगता आलं नव्हतं. आता काउंटरवर कुणी विचारलं की मी अण्णांचेच शब्द वापरते.

औषध अजून सुरू नाही. या आजारात बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. दर तीन महिन्यांनी रक्त, बाकी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस. डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली : ताप आला तर घरी थांबायचं नाही, पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. सीएलएलची माणसं कितीतरी वेळा कॅन्सरनं नाही, संसर्गानं जातात.

मागच्या मंगळवारी पहाटे चारला फोन वाजला. "101 आहे. दोनदा लावून बघितलं."

मी रिक्षा घेऊन पोहोचले तेव्हा अण्णा पायरीवर बसले होते. कानटोपी घातलेली, फाइल मांडीवर, दाराला कुलूप लावलेलं.