कार्पचे रिग फ्लायवर आणताना

इथे इंग्लंडमध्ये कार्पवाले (आमिष लावून कार्प मासा पकडणारे) आणि फ्लायवाले (फ्लाय म्हणजे हुकावर बांधलेलं हलकं नकली आमिष, त्यावर मासे पकडणारे) एकमेकांच्या पेटीत डोकावतच नाहीत, आणि मला ते अजिबात पटत नाही. कार्पवाल्यांनी इतक्या वर्षांत जी अक्कल जमवलीय त्यातली अर्धी तरी फ्लायवर सरळ उचलता येते. फक्त कुठली अर्धी ते कळलं पाहिजे.

हेअर रिगच घ्या (रिग म्हणजे हुक, धागा आणि आमिष यांची जोडणी). लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी तो काढला. कार्प खाणं तोंडात ओढतो आणि जरा काही खटकलं की फुंकून बाहेर टाकतो, म्हणून त्यांनी आमिष हुकावर न टोचता बारीक केसाला बांधून बाजूला सोडलं, मग हुक मोकळा राहतो आणि मासा बाहेर थुंकताना त्याचं टोक ओठात अडकतं. आपल्याकडे कणकेचा गोळा लावून गळ पूर्ण झाकतात, इथे नेमका उलटा विचार.

पण अडकलेला हुक आत रुतवायचं काम तळाशी पडलेलं जड शिसं करतं, मासा दचकून पळतो आणि त्या वजनावर हुक बसतो. फ्लायवर ते वजन नाही आणि तेवढं वजन फ्लाय रॉडने फेकताही येत नाही. म्हणून मोकळा हुक घ्यायचा, शिसं सोडून द्यायचं, आणि लीडरचं (लाईनच्या पुढच्या बारीक धाग्याचं) टोक जरा सरकलं की रॉड न उचलता डाव्या हाताने लाईन लांब ओढायची. ट्राउट मासे पकडायच्या सवयीने रॉड उचललात तर फ्लाय माशासमोरून उडून जाते.

बांधताना मी ८ नंबरचा वळलेला हुक घेतो, हेअर अगदी तोकडा आणि जरा ताठ मोनोचा, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्याचा (लांब आणि मऊ ठेवला की कास्टमध्ये हुकाभोवती गुंडाळतो), हुकाच्या बाकावर सिलिकॉन नळीचा तुकडा, आणि मक्याच्या दाण्याएवढा पिवळा फोम. मग ग्लासभर पाण्यात टाकून फोम कात्रीने चिमूटचिमूट कमी करत जायचं, हुक हळूहळू खाली बसेल इतकाच ठेवायचा. यात वेळ जातो पण खरी करामत इथेच आहे, कारण हलकं आमिष माशाच्या तोंडात सहज ओढलं जातं.

झिग रिगची तर गंमतच आहे. शिशापासून लांब धाग्यावर वर तरंगणारा फोमचा तुकडा, उन्हात मधल्या पाण्यात लटकलेल्या कार्पसाठी. आता ट्राउटवाल्यांची बूबी नावाची तरंगणारी फ्लाय आठवा, फोमचे डोळे, बुडणारी लाईन, आखूड लीडर. तत्त्व तेच! कार्पसाठी फक्त लीडर वाढवायचा, म्हणजे फ्लाय माशांच्या पातळीला येते. पण बूबी नुसती पडू देऊ नका, ढिल्या लाईनवर मासा ती खोल गिळतो, काही ट्राउट तलावांवर अशी स्थिर बूबी त्यामुळेच चालत नाही. लाईन ताणलेली ठेवून अगदी सावकाश ओढत राहायचं.

रॉड ८ वेटचा (हा फ्लाय लाईनच्या वजनाचा नंबर), लीडरला फ्लोरोकार्बनचा धागा किमान १० पौंडी, त्याहून बारीक धागा तुटून मासा तोंडात हुक घेऊन जाणं मला मान्य नाही. हुक बिनकाट्याचाच, जाळं मोठं, मासा ठेवायला ओली मॅट. आणि तळ्याच्या मालकाला आधी विचारा, कार्पच्या बऱ्याच तळ्यांवर फ्लायला परवानगी नसते.