तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच आजारात परत परत कशाला जाता?

परवा एका लग्नात चुलत वहिनीने पंगतीतच विचारलं, "तब्येत बरी आहे, पोरगी कॉलेजात गेली. आता तरी तो दवाखाना सोड की गं. रोज तीच माणसं, तोच आजार. विसरून जगावंसं वाटत नाही तुला?" दुसऱ्यांदा भात वाढताना हे असं पटकन विचारून मोकळं होता येतं. उत्तराला मात्र पंगत पुरत नाही, म्हणून लिहिते आहे.

कंटाळा येतो, हे आधीच सांगते. रजिस्टरं भरायचा येतो, एसटीची वाट बघायचा तर फारच. सांगली जिल्ह्यात एचआयव्हीवरच्या एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या न्यायला येणं ज्यांनी सोडलंय, त्यांच्या गावी जाऊन त्यांना परत आणायचं, हे माझं काम. यादीत त्यांच्यापुढे 'एलएफयू', म्हणजे संपर्क तुटलेले, असं लिहिलेलं असतं. गल्लीत कुणी विचारलं तर मी संजय गांधी निराधार योजनेची बाई असते. ते खोटंही नाही, फॉर्म मी खरंच भरून देते. आजाराचं नाव मात्र दार लावल्याशिवाय काढायचं नाही.

मला एचआयव्ही आहे हे कळलं २००६ मध्ये, पोटुशी असताना, सरकारी दवाखान्यातल्या तपासणीत. नवऱ्याचं रक्त माझ्यानंतर तपासलं, म्हणून सासरच्यांनी ठरवलं की हे माझ्याकडूनच आलं. आधी कुणाचं कळलं आणि आधी कुणाला झालं, यातला फरक त्या घरात ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. पुढे तो वारला आणि मी माहेरी आले.

बाळाला लागण होऊ नये म्हणून बाळंतपणात मला नेव्हिरापीनची एक गोळी दिली आणि बाळाला त्याचंच थोडं सिरप. सरकारी दवाखान्यात तेव्हा इलाज एवढाच मिळायचा. बाळाला लागण झाली की नाही, हे कळायला दीड वर्ष थांबायचं. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात तोवर राहू शकतात, त्यामुळे साध्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. आता सहाव्या आठवड्यात टाचेतलं रक्त कागदावर घेऊन पहिली तपासणी होते. ते दीड वर्ष मी कसं काढलं ते मला नीट सांगता येत नाही. पोरगी शिंकली तरी रात्रभर तिच्या कपाळावर माझा हात असायचा. ती निगेटिव्ह निघाली.

माझ्या गोळ्या त्यानंतर सुरू झाल्या. सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेल्याशिवाय तेव्हा देत नसत. त्यात स्टॅव्ह्युडीन नावाचं औषध होतं. गाल आत गेले, तळपायाला मुंग्या यायला लागल्या. गावातल्या बायका गालांवरूनच ओळखायच्या. एकदा रांगेत शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "माझ्या पण पायांची आग होते. आता वरचं बोलावणं आलं का हो?" मी म्हटलं, हा गोळीचा त्रास आहे, आत जाऊन सांगा, बदलून देतील. तिने सांगितलं आणि गोळी बदलून मिळाली. पुढच्या महिन्यात ती आणखी दोघींना माझ्याकडे घेऊन आली. डॉक्टरांना विचारायला त्यांची जीभ रेटायची नाही, मला विचारायच्या. समुपदेशक मॅडमनी ते बघितलं आणि मला बाकावरून उठवून टेबलामागे बसवलं.

वहिनी, हे झालं ते असं. मी कसला निश्चय वगैरे केला नव्हता. जे सोसलं त्याला बाहेर कवडीची किंमत नव्हती, उलट ते लपवावंच लागायचं. त्या टेबलाशी मात्र तेच उपयोगी पडत होतं. ते सगळं विसरले, तर माझ्याकडे उरतं काय? दहावी नापास बाई आणि एक शिलाई मशीन.

माझ्यापुरता हा आजार आता दिवसाच्या एका गोळीएवढा उरलाय. डॉल्यूटेग्राव्हिर हे नवं औषध आल्यापासून त्रासही कमी. नवीन पोरं येतात ती मात्र आम्ही त्या काळी यायचो तशीच येतात, पांढरीफटक. त्यांना सांगते: गोळी रोज घे, लोहाची किंवा पित्ताची गोळी तिच्याबरोबर गिळू नको. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा आकडा, सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न करता येतं, मूल होतं. नोकरी देताना कंपनीला ही तपासणी मागता येत नाही, २०१८ पासून तसा कायदा लागू आहे. एक पोरगा हे ऐकून माझ्यावर चिडलाच, म्हणाला, "मग मला कालपर्यंत सगळ्यांनी घाबरवलं कशाला?" त्याचं चिडणं मला आवडलं. रडणाऱ्यांपेक्षा चिडणारे गोळ्या नेमाने घेतात, असं माझं आपलं निरीक्षण.

सध्या धांदल ऊसतोडीची आहे. टोळ्या निघायच्या आत जत भागातल्या काही जणांना गाठायचंय. कुणाला जास्तीच्या गोळ्या बरोबर द्यायच्या, कुणाचं कार्ड कारखान्याजवळच्या केंद्रावर जोडून द्यायचं. त्यातला एक दोनदा बोलावूनही आलेला नाही. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, त्यामुळे आधी त्याच्याच घरी जाणार आहे.