रद्दीचा पूल आणि जुलैची हवा

ठाणे, रविवार रात्र

पाऊस उघडायचं नाव नाही आणि उद्या मुलांकडून वर्तमानपत्राचा पूल बांधून घ्यायचाय. बाल्कनीतली रद्दी पार लिबलिबीत झालीय. अशा पानाची नळी कितीही घट्ट वळली तरी वजन आलं की मधेच बसते. सतरा सुटी पानं वेगळी काढून त्यांवर कोमट इस्त्री फिरवली आणि कपाटात ठेवली. लागतात पंधराच, दोन बिघडणार हे धरूनच चालायचं.

पान एका कोपऱ्यापासून तिरकं, विणायच्या सुईवर वळायचं. सुई काढून शेवटाला चिकटपट्टी. नळी पेन्सिलीएवढी जाड झाली तर ठीक, अंगठ्याएवढी झाली तर उलगडून परत. दोन्ही टोकांना कागदाचे थर कमी असतात, तिथे ती मऊ राहते. ती टोकं कापून टाकायची आणि उरलेल्याचे २२ सें.मी.चे दोन तुकडे करायचे. गव्हाच्या पिठाची खळ या दिवसांत नकोच. वाळत नाही, झुरळांची मात्र सोय होते.

दाभणाने भोक मोठ्यांनी पाडावं, टोकापासून १ सें.मी. आत. ५ मि.मी.वर पाडलं तर दोरा कागद फाडून बाहेर येतो. दोन भोकांमधलं अंतर सगळ्या नळ्यांत २० सें.मी.च हवं. पुठ्ठ्यावर दोन खुणा करून प्रत्येक नळी त्यावर ठेवूनच भोक पाडायचं, मोजपट्टी परत परत लावली की हमखास चूक होते. तीन-चार मि.मी.चा फरक एका नळीत दिसत नाही, पण पूल उभा केला की तो एका अंगाला मुरडतो आणि मुलं दोष गाठीला देतात.

एका बाजूला अकरा नळ्या: खाली तीन, वर दोन, मधे नागमोडी तिरक्या सहा, म्हणजे ओळीने त्रिकोण. दोन बाजू मिळून बावीस. दोन्हींना जोडायला आडव्या सात. सांधे गोधडीच्या दोऱ्याने बांधायचे. एवढं करूनही पूल कुशीवर कलतो, कारण वर, खाली आणि दोन्ही टोकांच्या उतरत्या बाजूंना चौकोनच राहिलेत. तिथे सुतळीची फुली मारायची. एकच तिरकी सुतळी पुरत नाही. सुतळी ओढते, ढकलत नाही, म्हणून दोन्हीकडून हवी.

वजन पाण्याचं. दोन स्टुलांवर पूल ठेवायचा, खालच्या मधल्या सांध्यांना दोन्ही बाजूंनी पिशव्या टांगायच्या आणि त्यांतल्या बाटल्यांत २५० मि.ली. पाणी वाढवत जायचं, म्हणजे दर वेळी पाव किलो. प्रत्येक भरीनंतर अर्धा मिनिट थांबायचं. कागद हळूहळू खचतो. पिशवी नळीच्या मध्यावर अडकवली तर नळी वाकते आणि परीक्षा पुलाची न होता त्या एका नळीची होते.

साधारणपणे आधी वरच्या नळ्या पिचतात किंवा टोकाच्या तिरक्या. त्या दाबल्या जातात. खालच्या ओढल्या जातात, त्यांना कागद पुरून उरतो. मधल्या दोन तिरक्या नळ्यांना पिशव्या सारख्या भरलेल्या असताना जवळपास कामच नसतं. सगळं पाणी एकाच सांध्यावर आणलं की त्याही कामाला लागतात. हे बोटाने चाचपून कळतं, सांगून नाही. वाकडी गाठ दिसली तरी आपण सोडून परत बांधायची नाही, हा मोह आवरणं सगळ्यात अवघड. ती कुठे आणि किती वजनावर सुटली एवढं वहीत लिहायला लावायचं.

वाशीच्या खाडीपुलाला त्रिकोण का नाहीत, हा प्रश्न उद्या येणारच. १९७३चा पूल असो की १९९७चा, दोन्हीकडे काँक्रीटचे गर्डर आहेत आणि त्यांच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. त्या तारा त्याला आधीच दाबून धरतात. त्रिकोण बघायचे तर रेल्वेच्या लोखंडी पादचारी पुलांच्या बाजूला आणि जुन्या फलाटांच्या छपराखाली.

दुसऱ्या फेरीत खालच्या सहाही नळ्या काढून तिथे ताणलेली सुतळी बांधायला सांगायचं. उचलताना पूल लुळा पडेल, स्टुलांवर टेकवला की परत ताठ होईल. सुतळीचं बंडल जेमतेम अर्धं उरलंय, सकाळी आणायला हवं.