घाटात पाय दाबला तरी गाडी ढिम्म: डिझेलवाल्यांनी निघण्याआधी वाचावं

किनाऱ्यावरचे दिवस मस्त गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते परतीच्या घाटाबद्दल. आणि निघण्याआधी ज्या गॅरेजवाल्याने "हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर, दुसरं काही नाही" असं छातीठोकपणे सांगितलं त्याच्याबद्दल. गरम इंजिन कधीकधी स्टार्ट होत नाही आणि ॲक्सिलरेटर मध्येच मरतो, अशा दोन तक्रारी घेऊन गेलो होतो. त्याने इंजेक्टर साफ केले, स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड पुसले, स्कॅनिंगचे पैसे वेगळे लावले आणि परत आल्यावर पंप बदलायचा सल्ला दिला.

कोड पुसले, तिथेच सगळा घोळ झाला. बिघाड घडला त्या क्षणीचे आकडे, म्हणजे फ्रीझ फ्रेम, कोडबरोबरच जातात. पुसण्याआधी फोटो काढा. न काढता पुसणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

तर घाट. धो धो पाऊस, चढ, मागे ट्रक. वळणावर पाय दाबला आणि काहीच नाही. इंजिन चालू, आरपीएम जागच्या जागी, चेक लाइट पेटलेली. कडेला घेऊन बंद-चालू केली की दोन वळणं नीट, पुन्हा तेच. हातपाय थरथरत होते, पण स्कॅनर गाडीत होता (तुमच्याकडेही असेलच असं धरतो, मल्टिमीटरही). कोड पी२१३८. म्हणजे पेडलमधल्या दोन सेन्सरचा आपसात मेळ नाही. पेडलमध्ये मुद्दाम दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. हिशोब जुळला नाही की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेडलवर विश्वास ठेवणंच सोडतो. पंपाचा इथे काय संबंध? पंप कमी पडला असता तर बहुधा रेल प्रेशरचा (इंजेक्टरना डिझेल वाटणाऱ्या नळीतल्या दाबाचा) कोड आला असता, पी००८७सारखा.

लाइव्ह डेटा लावून पेडलवरचा कनेक्टर हलवला तर एक आकडा धपकन शून्यावर. कनेक्टर काढला. एका पिनवर हिरवा गंज, आतून पाण्याचा थेंब बाहेर आला. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ग्रोमेटमधून, म्हणजे वायरींभोवतीच्या रबरी बुचातून, पाणी वायरिंगच्या कडेकडेने खाली उतरत होतं. कोरड्या दिवशी गॅरेजमध्ये हे कुणाला दिसणार? पिना पुसल्या, वायरला खाली झोळ देऊन बांधली, आणि घाट पार केला.

स्टार्टिंगचा रोग वेगळाच निघाला. दोन्ही तक्रारी एकाच बिलात बांधणाऱ्याचं ऐकू नका. घाट संपल्यावर इंधन भरून किल्ली फिरवली, तर स्टार्टर कण्हतोय. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे चार्ज पूर्ण. स्कॅनरवर क्रँकिंगचा (स्टार्टरने इंजिन फिरवण्याचा) वेग जेमतेम 120 आरपीएम. इतक्या मंद गतीत रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही, आणि दाब नसला की ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. हेच पाहून लोक पंप बदलतात.

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून किल्ली मारायला लावली: 1.8 व्होल्ट. म्हणजे एवढा व्होल्टेज वाटेतच वाया, इथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. अर्थची पट्टी (निगेटिव्हची इंजिनशी जोडणी) बोल्टखाली गंजली होती. जंप केबलची एकच तार निगेटिव्हपासून ब्लॉकला लावली आणि गाडी लगेच सुरू. नवी पट्टी हा किरकोळ भाग आहे, पंपाशी तुलनाच नको.

वेग व्यवस्थित असूनही सुरू होत नसेल तर क्रँकिंग करताना आरपीएम दिसतो का ते बघा. शून्य दाखवत असेल तर आधी क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीयूला सांगणारा) आणि त्याची वायर तपासा, तो गरम झाल्यावर दगा देतो. आरपीएम आहे पण रेल प्रेशर चढत नाही, तर मग फिल्टर, लाइनमधली हवा, इंजेक्टरची रिटर्न गळती (इंजेक्टरमधून जास्त डिझेल टाकीकडे परत जाणं), आणि सगळ्यात शेवटी पंप. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतून तापवणारा प्लग) असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा, इंजिन फुटू शकतं.

आणि नुसता कनेक्टर बदलून थांबू नका. आधी ग्रोमेट सील करा, नाहीतर पुढच्या पावसात नवा कनेक्टरही हिरवा.