प्लॅटिपस टिपायचा तर बुडबुड्यांकडे बघा

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या यंगेला नॅशनल पार्कात, ब्रोकन रिव्हरच्या काठी प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा, पाण्यात पोहणारा सस्तन प्राणी, हमखास दिसतो म्हणतात. दिसतो खरा, पण फोटोत बहुतेकांच्या हाती नुसती तरंगांची वर्तुळं लागतात!

पहाटे किंवा सांजेला, वारा पडलेला असताना जा. आधी बुडबुड्यांची रांग दिसते, मग चपटी चोच वर येते. गालात साठवलेलं खाणं चावायला तो जेमतेम दहा-पंधरा सेकंद वर थांबतो आणि पाठ कमानीसारखी करून पुन्हा बुडी मारतो. बुडी साधारण अर्ध्या ते एका मिनिटाची. पाण्याखाली त्याचे डोळे-कान मिटलेले असतात, म्हणून तेवढ्यातच हलकी पावलं टाकत जागा बदला. वर आला की पुतळा व्हा.

४०० मिमी लेन्स, शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ नको, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त. काळ्या पाण्यामुळे कॅमेरा फोटो उगाच उजळतो, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ठेवा, म्हणजे फोटो थोडा गडद येईल. पोलरायझर फिल्टर चकाकी मारतो, पण दीडेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेडही खातो, तेव्हा पहाटे काढूनच ठेवा. फ्लॅश अजिबात नको.

शेपटीचं टोक पांढरं दिसलं, तर तो प्लॅटिपस नव्हे, राकाली. पाणउंदीरच तो, पण फोटो त्याचाही घ्यावा.